हॉलिवूडची डायनासोर बोट: युनिव्हर्सलच्या ज्युरासिक वर्ल्ड राइडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉस एंजेलिसजवळ राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात आमच्याकडे भारतातून कोणी ना कोणी येतं. आई-बाबा, सासूबाई, आत्या, भाचरं, बाबांचे निवृत्त मित्र. युनिव्हर्सल स्टुडिओज हॉलिवूड ठरलेलं असतं, आणि तिथे पोचलं की डायनासोरची बोट. निघायच्या आठवडाभर आधीपासून फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. ही राइड मला फार जवळची आहे. ती लोकांनी घाबरून टाळू नये आणि नुसतं भिजून परतही येऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

ही राइड म्हणजे नेमकं काय?

पाच ओळींची मोठी बोट, एका ओळीत पाच माणसं, म्हणजे एका वेळी पंचवीस जण. साधारण पाच-सहा मिनिटांचा प्रवास. बोट आधी एका प्रचंड मत्स्यालयात शिरते. दोन्ही बाजूंना काच, आणि काचेपलीकडे मोसासॉरस हा अजस्र समुद्री प्राणी पोहतोय. तिथून पट्ट्यावरून वर चढून बोट उघड्यावर येते. झाडी, धबधबे, काठावर स्टेगोसॉरस आणि पॅरासॉरोलोफस हे शाकाहारी डायनासोर. इथवर सगळं निवांत असतं. मग कळतं की इंडॉमिनस रेक्स, म्हणजे सिनेमातली काल्पनिक हिंस्र डायनासोर, पिंजऱ्यातून निसटली आहे. बोट अंधाऱ्या इमारतीत जाते, दुसरा चढ चढते, वर टी. रेक्स आणि इंडॉमिनस समोरासमोर, आणि त्यांच्या पायाखालून बोट ८४ फूट खाली कोसळते. ८४ फूट म्हणजे साडेपंचवीस मीटर, आठ मजली इमारतीएवढं.

आम्ही पूर्वी गेलो होतो तेव्हा तिचं नाव ज्युरासिक पार्क होतं. तीच का ही?

पाण्याचा मार्ग आणि शेवटची उडी तीच, कथा नवी. मूळ राइड २१ जून १९९६ रोजी सुरू झाली. ३ सप्टेंबर २०१८ ला ती बंद केली आणि जुलै २०१९ मध्ये नव्या चित्रपटमालिकेच्या रूपात पुन्हा उघडली. मत्स्यालय तेव्हा आलं. शेवटची अख्खी इंडॉमिनस मात्र २०२१ मध्ये आली. त्यामुळे २०१९ च्या सुट्टीत कोणी गेलं असेल तर त्यांनीही शेवट पूर्ण पाहिलेला नाही.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. या राइडचा विचार १९९० मध्येच सुरू झाला होता, म्हणजे १९९३ मध्ये सिनेमा पडद्यावर यायच्या बराच आधी. ज्या कादंबरीवर सिनेमा बेतला, तिच्यात मुलं तराफ्यावरून नदीतून पळतात आणि टी. रेक्स मागे लागतो असा मोठा प्रसंग आहे. सिनेमात तो आलाच नाही. ती नदी बघायची असेल तर या बोटीतच बसायला हवं.

शेवटचा ड्रॉप किती भीतीदायक आहे? खरं खरं सांग.

खरं सांगायचं तर तीन-साडेतीन सेकंदांचा खेळ आहे. शाळेतलं गणित करून बघा. साडेपंचवीस मीटरवरून एखादी वस्तू सरळ खाली सोडली तर जमिनीपर्यंत तिचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास जातो. बोट उतारावरून येते, घर्षण असतं, म्हणून वेग त्याहून कमी. आपल्या एक्स्प्रेस वेवर गाडी याहून जोरात जाते. पण गाडीत पोटात गोळा येत नाही आणि इथे येतो. कारण बोट खाली सुटते तेव्हा बाकाने आपल्याला दिलेला आधार अचानक हलका होतो. आपण खाली चाललोय हे डोळ्यांआधी पोटाला कळतं.

खाली आल्यावर जो पाण्याचा पडदा उठतो तो केवळ गंमत म्हणून नाही. पाणी हाच ब्रेक आहे. बोटीचं रुंद नाक साचलेल्या पाण्यात घुसतं, पाणी दोन्हीकडे फेकलं जातं आणि ते फेकण्यातच बोटीचा वेग खर्च होतो. तुम्ही भिजता ते वेग थांबवल्याच्या खर्चातून.

भीती वाटण्यात कमीपणा काहीच नाही. सिनेमाचे दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग स्वतः १९९६ च्या उद्‌घाटनाला बोटीत बसले आणि शेवटच्या उडीआधी त्यांनी उतरवून द्यायला सांगितलं होतं. आपल्याला ती सोय नाही, तेव्हा निर्णय रांगेतच घ्या. बसायच्या जागेपर्यंत जाऊनही 'मला नाही बसायचं' असं सांगता येतं. कर्मचारी शांतपणे बाहेरची वाट दाखवतात.

माझे बाबा ६८ व्या वर्षी बसले. त्यांचा हात मांडीवरच्या दांड्यावर होता आणि मी त्यांच्या हाताकडेच बघत होते. पहिल्या चढावर बोटं सैल होती. दुसऱ्या चढावर, अंधारात, खालून खट-खट आवाज यायला लागला तशी एकेक बोट आवळत गेली आणि नखं पांढरी पडली. उडीच्या आधीच्या त्या अर्ध्या मिनिटात खरी भीती आहे. उडी सुरू झाली की भीती संपलेली असते, कारण करण्यासारखं काही उरलेलं नसतं. म्हणून नवख्यांना मी एकच सांगते: चढावर श्वास रोखू नका, पाठ मागे टेकवा, आणि ओरडावंसं वाटलं तर मोकळेपणी ओरडा. ओरडलं की श्वास आपोआप सुटतो.

आई-बाबांना किंवा सासूबाईंना न्यावं का?

हृदयविकार, पाठीचा किंवा मानेचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर नाही. तिथे पाटीवर लिहिलेलं असतं आणि ते मनावर घ्यायचं. ब्लड प्रेशर गोळीने ताब्यात आहे, चालता-फिरता येतं, अशांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं. इथे आल्यावर नातवंडांच्या आग्रहाखातर ठरवू नये.

गुडघ्यांसाठी वेगळी सूचना. ही राइड पार्कच्या खालच्या भागात आहे. वरून खाली एकामागून एक लांबलचक सरकते जिने उतरावे लागतात. ज्यांना सरकत्या जिन्याची भीती वाटते (आपल्याकडच्या बऱ्याच ज्येष्ठांना वाटते आणि त्यात नवल नाही) त्यांचा हात धरून उभे राहा किंवा खाली जायची दुसरी सोय आहे का ते कर्मचाऱ्यांना विचारा. बोटीत शिरताना एक पायरी खोल पाय टाकावा लागतो आणि तळ ओला असतो. तिथे घाई करायची नाही. मागची रांग थांबते.

ज्यांना बसायचं नाही त्यांना उगीच गळ घालू नका. बोट जिथे खाली येऊन आपटते तिथे बाहेर उभं राहून बघता येतं. माझ्या सासूबाई तिथे अर्धा तास रमल्या होत्या आणि प्रत्येक बोटीतल्या लोकांचे चेहरे आम्हाला करून दाखवत होत्या.

मुलं किती वर्षांची हवीत?

वय बघत नाहीत, उंची बघतात. किमान १०७ सेंटीमीटर. १०७ ते १२२ सेंटीमीटरच्या मुलांसोबत मोठं माणूस हवंच. दारात काठी असते आणि तिथे रदबदली चालत नाही, चालूही नये. मांडीवरचा दांडा पूर्ण ओळीला एकच असतो, त्यामुळे लहानग्याच्या शेजारी कोण बसतंय हे महत्त्वाचं.

पण उंची पुरली म्हणजे मूल तयार झालं असं नाही. माझी भाची साडेपाच वर्षांची, उंचीने बसत होती. आम्ही तिला उडीबद्दल पढवून नेलं होतं आणि ती उडीला अजिबात घाबरली नाही. ती घाबरली मत्स्यालयात. मोसासॉरस काचेवर येऊन आदळतो आणि काच तडकल्यासारखी दिसते तेव्हा तिने माझ्या कुशीत तोंड खुपसलं ते थेट उजेडात आल्यावर वर काढलं. तेव्हापासून मी मुलांना आधी सांगते: ती काच नाही, पडदा आहे, आणि अंगावर उडणारं पाणी नळाचं आहे. गुपित फुटलं तर मजा जाईल असं मोठ्यांना वाटतं. मुलांचं तसं नसतं. पडदा आहे हे माहीत असलेलं मूल जास्त मन लावून बघतं.

एक मूल लहान असेल तर 'चाइल्ड स्विच'ची सोय आहे. आई-बाबांपैकी एकाने बाळाजवळ थांबायचं, दुसऱ्याने जाऊन यायचं, मग रांगेत पुन्हा सुरुवातीपासून न थांबता अदलाबदल. रांगेत शिरतानाच विचारा.

किती भिजतो? कुठे बसावं?

पहिली ओळ चिंब. कडेच्या जागाही चिंब. मधल्या ओळींतली मधली माणसं त्या मानाने वाचतात, पण कोरडं कोणीच परत येत नाही. जागा कर्मचारी ठरवतात, तरी नम्रपणे विचारलं तर बहुतेक वेळा हवी ती ओळ देतात.

जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा इतकी कोरडी असते की तासाभरात कपडे वाळतात. मुंबई-कोकणातल्यांना याचं फार आश्चर्य वाटतं. डिसेंबर-जानेवारीत मात्र दुपारीच बसून घ्या. सूर्य मावळला की ओल्या कपड्यांत हुडहुडी भरते. पातळ प्लास्टिकचा पोंचो तिथे विकत मिळतो. घरून पावसाळी रेनकोट आणलात तर पैसे वाचतील.

साडी नेसून चालेल का?

मनाई नाही. पण ओली साडी पायाला चिकटते आणि त्यानंतर सरकता जिना चढायचा असतो, ते धोक्याचं आहे. पंजाबी ड्रेस घातलात तर ओढणी पिशवीत ठेवा. आत्याला नऊवारीतच यायचं होतं, तिने कासोटा घट्ट मारला, पदर खोचला आणि ती आम्हा सगळ्यांपेक्षा सुटसुटीत चढली-उतरली. पाचवारीपेक्षा नऊवारी बरी, हा माझा अनुभव. चपला मागून पट्टा असलेल्या घाला.

फोन, चष्मा, मंगळसूत्र, कानाचं यंत्र?

कानाचं यंत्र काढून कोरड्या डबीत, आणि डबी न बसणाऱ्या माणसाजवळ. चष्म्याला मागून दोरी बांधा, नाहीतर उडीच्या आधी हातात घ्या. लांब मंगळसूत्र कपड्याच्या आत. पासपोर्ट बरोबर घेऊन फिरत असाल तर तो या राइडला अजिबात न्यायचा नाही. जवळच लॉकर आहेत.

फोनबद्दल जरा आग्रहाने सांगते. ही राइड फोनमधून बघू नका. अंधारातलं चित्रण काळंच येतं, आणि आजूबाजूचं निम्मं तुमच्या हातून निसटतं.

रांग किती असते? कधी जावं?

पार्क उघडलं की बहुतेक गर्दी त्याच खालच्या भागातल्या सुपर निन्टेंडो वर्ल्डकडे धावते. ते फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालं. तेवढ्या वेळात डायनासोरकडे रांग लहान असते. सकाळी भिजायला नको वाटत असेल तर दुपारी उशिरा या. एकट्याने बसायची तयारी असेल तर 'सिंगल रायडर'ची वेगळी रांग आहे. बोटीत एखादी जागा रिकामी राहिली की तिथे बसवतात. ती बऱ्याचदा भराभर सरकते, पण पहिल्यांदा येणाऱ्या आई-बाबांना अनोळखी माणसांत वेगळं बसवू नका.

गाडी नसेल तर मेट्रोच्या बी लाइनने युनिव्हर्सल सिटी/स्टुडिओ सिटी स्टेशनवर उतरा. तिथून टेकडीवर नेणारी मोफत गाडी आहे.

ते डायनासोर हलतात कसे?

आतमध्ये पोलादी सांगाडा, त्यावर रबरासारखी कातडी. १९९६ च्या राइडसाठी ते अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या सार्कोस या रोबोट बनवणाऱ्या कंपनीने घडवले होते. एवढं जड धूड झपकन हलवायचं तर जेसीबीसारखी द्रवाच्या दाबाची ताकद लागते, म्हणजे हायड्रॉलिक्स. जेसीबीचा हात हलताना बघा: सुरू होताना आणि थांबताना एक हिसका बसतो. डायनासोरला तो हिसका बसला तर तो यंत्र दिसतो. तो हिसका लपवणं हीच सगळी कारागिरी. पुढच्या वेळी जबड्याकडे बघू नका, मानेकडे बघा. डोकं थांबल्यावरही मान किंचित पुढे जाऊन मागे येते, जड जिवंत प्राण्याची येते तशी. आणि हे सगळं रोज, दिवसभर, पाण्याच्या तुषारांत चालू ठेवायचं. त्यांची देखभाल करणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे.

दाखवलेलं कितपत खरं आहे? मुलं विचारतात.

मुलांनी विचारलंच पाहिजे. इंडॉमिनस संपूर्ण काल्पनिक. मोसासॉरस खरा होता, पण तो डायनासोर नव्हता. समुद्रात राहणारा तो सरपटणारा प्राणी, सरडे आणि सापांच्या गोतावळ्यातला. डायलोफोसॉरस खरा, पण मानेभोवतीची झालर आणि विष थुंकणं सिनेमाने दिलेलं आहे, त्याला जीवाश्मांचा आधार नाही. सिनेमातल्या व्हेलोसिरॅप्टरपेक्षा मंगोलियातला खरा प्राणी खूपच लहान होता, टर्की कोंबड्याएवढा, आणि त्याच्या अंगावर पिसं होती.

आणि टी. रेक्स ज्युरासिक काळातला नाहीच. तो त्यानंतरच्या क्रिटेशस काळाच्या अगदी शेवटी होता, सुमारे ६ कोटी ८० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. बोटीच्या काठावर दिसणारा स्टेगोसॉरस मात्र खरा ज्युरासिक, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. राइडमध्ये काही मिनिटांच्या अंतरावर दिसणाऱ्या या दोन प्राण्यांमध्ये प्रत्यक्षात आठ कोटी वर्षांचं अंतर आहे.

आता आपल्या घरचं. खऱ्या ज्युरासिक काळातला डायनासोर बघायचा तर कॅलिफोर्नियापर्यंत यायचं कारण नाही. गडचिरोलीतल्या सिरोंचाच्या परिसरात, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात 'कोटा' नावाचा खडकांचा थर आहे. प्राणहितेकाठच्या कोटा गावावरून त्याला ते नाव पडलं. त्या थरात, आज तेलंगणात असलेल्या पोचमपल्ली गावाजवळ, एका प्रचंड शाकाहारी डायनासोरची हाडं सापडली. त्याचं नाव बारापासॉरस टागोराय. बंगालीत बडा म्हणजे मोठा आणि पा म्हणजे पाय, आणि खोदकाम रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास झालं म्हणून टागोर. १९७५ मध्ये हे नाव जाहीर झालं. सांगाडा कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये उभा आहे. त्याच संस्थेच्या आद्याक्षरांवरून नाव मिळालेला आयसिसॉरस क्रिटेशस काळातला, पण तो तर थेट चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा. चंद्रपूरकडची मुलं 'आमच्याकडे असं काही नाही' म्हणतात तेव्हा मला राहवत नाही.

सिंगापूर, ओरलँडो, जपान इथल्या राइड्स अशाच आहेत का?

ओरलँडोची (१९९९) आणि ओसाकाची (२००१) मूळ कथेच्या जवळ आहेत. बोट शाकाहारी डायनासोरांमधून जाते, वाट चुकते, शेवटी टी. रेक्स आणि जवळपास तेवढीच उडी. आपल्याकडून टूर कंपन्यांबरोबर लोक सर्वांत जास्त सिंगापूरला जातात, आणि तिथली राइड वेगळीच आहे. तिथे गोल तराफा असतो, तो प्रवाहात गरगर फिरतो, त्यामुळे कोण भिजणार हे नशिबावर. शेवटी अंधारात तराफा लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो आणि मग बाहेर घसरतो. उडी हॉलिवूडइतकी उंच नाही. पहिल्यांदाच अशा राइडला बसणाऱ्या ज्येष्ठांना मी सिंगापूर सुचवेन.

महाराष्ट्रात असं काही आहे?

आहे. खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये 'राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर' आहे. पार्क २०१३ मध्ये सुरू झालं. नाव फार विचारपूर्वक निवडलेलं आहे. राजासॉरस नर्मदेन्सिस हा खराखुरा भारतीय मांसाहारी डायनासोर आहे. त्याची हाडं गुजरातमध्ये बालासिनोरजवळच्या रहिओलीत सापडली आणि २००३ मध्ये त्याचं नामकरण झालं. अमेरिकेला यायच्या आधी मुलांना आणि आजी-आजोबांना तिथे बसवून बघा. कोणाला झेपतं ते कळेल.

आम्ही येऊ त्या दिवशी राइड बंद असली तर?

पाण्याच्या राइड्स दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, बहुधा हिवाळ्यात. तिकीट काढण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर तारीख बघून घ्या.

शेवटी जो फोटो विकतात तो घ्यावा का?

एरवी मी नाही म्हणते, कारण महाग असतो. बाबांचा घेतला. फोटोत आमची ओळ पूर्ण दिसते, मी आणि भाचा तोंड वासून, शेजारचं अनोळखी जोडपं हात वर करून. बाबांचे डोळे गच्च मिटलेले आहेत आणि एक हात दांड्यावरून सुटून माझ्यापुढे आडवा आला आहे, लहानपणी स्कूटरवर पुढे उभी असताना ब्रेक मारला की यायचा तसा. तो फोटो आता सांगलीला फ्रिजवर लावलेला आहे.